बेलवडीचं रिंगण कॉम्प्युटरवर घेताना

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघाली की काटेवाडीत परीट समाज तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. पुढे सणसरचा मुक्काम, मग बेलवडीचं पहिलं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूरचं रिंगण, सराटी, आणि नीरा ओलांडली की अकलूज. सोहळ्याचा एवढा भरगच्च टप्पा बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या वाट्याला आला आहे. रिंगणात पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतात. अश्व सुटले की कडेच्या गर्दीतले हात वर जातात. हल्ली त्यातल्या बहुतेक हातांत फोन असतो.

त्या फोनमध्ये किती साठतं, याचा हिशेब सोपा आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये ॲपलने स्वतःच आकडे देऊन ठेवलेत. १०८० ओळींचा, सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे ६० एमबी जागा खातो. तोच फोरके केला तर १७० एमबी, आणि फोरकेमध्ये सेकंदाला ६० चित्रं घेतली तर ४०० एमबी. अँड्रॉइड फोनचे आकडे कंपनीनुसार बदलतात, आणि जुन्या एच २६४ पद्धतीने नोंद करणाऱ्या फोनमध्ये ते साधारण दुप्पट होतात. म्हणजे दहा मिनिटांचं रिंगण फोरकेमध्ये टिपलं की पावणेदोन ते चार जीबी. सोबत मेंढ्या, पायघड्या, दिंडीतलं भजन, घरच्यांसोबतचे दोन-चार तुकडे. संध्याकाळपर्यंत फोन ‘जागा शिल्लक नाही’ म्हणायला लागतो.

आता बहुतेक घरांत पुढे काय होतं? व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातो. भावकीच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर, पुण्यातल्या मुलाला. सगळ्यांनी पाहिला, अंगठे आले, काम झालं. मग जागा हवी म्हणून मूळ व्हिडिओ फोनमधून उडवला जातो, कारण ‘ग्रुपवर आहेच की’.

ग्रुपवर जे आहे तो तुम्ही काढलेला व्हिडिओ नाही. व्हॉट्सॲप पाठवण्याआधी व्हिडिओ दाबून बारीक करतं. २०२३ मध्ये त्यात ‘एचडी’ पाठवण्याची सोय आली, पण ती एचडी म्हणजे ७२० ओळी. फोरकेच्या एका चित्रात जवळपास ८३ लाख बिंदू असतात, ७२० च्या चित्रात सव्वानऊ लाख. नऊ भागांतले आठ गेले, एक उरला. वर जे उरलं तेही जास्त दाबलेलं. उभं राहून बोलणारा माणूस त्यात बरा दिसतो, कारण चित्रात फारसं काही बदलत नसतं. रिंगणात सगळंच बदलत असतं: उडणारी माती, शेकडो पताका, हलणारी गर्दी. व्हिडिओ दाबण्याच्या पद्धती ‘मागच्या चित्रापेक्षा काय बदललं’ एवढंच लिहून जागा वाचवतात, त्यामुळे जिथे सगळा पट बदलतो तिथे त्यांची तारांबळ उडते आणि घोडा चौकोनांचा बनतो. फोनच्या लहान पडद्यावर हे डोळ्यांत भरत नाही. टीव्हीवर लावलं की लगेच भरतं.

भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, तेव्हाही हेच. नावेतून स्लो मोशनमध्ये टिपलेल्या उड्डाणात सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं असतात. ती पुढेमागे हवी तशी संथ करता यावीत म्हणून तर एवढी घेतलेली. ग्रुपमधून फिरून आलेल्या प्रतीत ती सगळी मिळण्याची आशा नको.

हे सगळे व्हिडिओ जपावेत असं माझं म्हणणं नाही. डाळिंबावर तेल्या पडलाय का हे विचारायला शेतकरी पानाचा व्हिडिओ तज्ज्ञाला पाठवतो, ऊसतोडीची ट्रॉली कुठे अडकली ते दाखवायला कुणी व्हिडिओ पाठवतं, तेव्हा व्हॉट्सॲप उत्तम. निरोप पोचला की काम संपलं. जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनात लोक पिकांपुढे उभं राहून फोनमध्ये जे भरून नेतात, त्यातलंही बरंचसं महिन्याभरात पुसलं तरी चालतं. पण काही गोष्टी परत घडत नाहीत. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दोन आषाढांत बेलवडीला रिंगण नव्हतं. ज्यांच्याकडे २०१९ चा व्हिडिओ मूळ स्वरूपात होता, त्यांच्याकडे काहीतरी होतं. किंवा पळसदेवचं पाहा. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि पळसनाथाचं जुनं मंदिर भीमेच्या पाण्याखाली गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणातलं पाणी मृतसाठ्याच्याही खूप खाली उतरलं, तेव्हा ते मंदिर उघडं पडलं आणि लोक पायी चालत जाऊन ते पाहून आले. त्या कोरीव दगडांवरून सावकाश फोन फिरवून घेतलेला व्हिडिओ पुढे एखाद्या अभ्यासकाच्याही कामी येऊ शकतो, पण नक्षी दिसली तर.

तर मूळ फाइल, जशीच्या तशी, कॉम्प्युटरवर न्यायची आहे. सगळ्यात भरवशाचा रस्ता अजूनही वायरचा आहे. आणि घोळही तिथूनच सुरू होतो.

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्टँडसमोर किंवा यात्रेतल्या पालावर मिळणाऱ्या स्वस्त वायरींपैकी काहींत डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, म्हणून वायर ठीक आहे असं आपण धरून चालतो, आणि कॉम्प्युटरला फोन दिसत नाही म्हणून फोनला, कॉम्प्युटरला, विंडोजला नावं ठेवतो. आधी वायर बदलून पाहावी. फोनच्या खोक्यातून आलेली वायर यासाठी जपून ठेवलेली बरी.

वायर चांगली असली तरी अँड्रॉइड फोन जोडल्याबरोबर काहीच दाखवत नाही, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. कुठल्याही अनोळखी यूएसबीला फोन लावला तर त्यातला मजकूर आपोआप उघडा पडू नये, म्हणून फोन सुरुवातीला फक्त चार्जिंग घेतो. फोनचं लॉक उघडायचं, वरून सूचनांचा पडदा खाली ओढायचा, ‘चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी’ अशी जी ओळ दिसते तिच्यावर बोट ठेवायचं आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. कॉम्प्युटरवर ‘धिस पीसी’मध्ये फोनचं नाव उगवतं. आत इंटर्नल स्टोरेज, त्यात डीसीआयएम, त्यात कॅमेरा. डीसीआयएम हे फोल्डर फोनवाल्यांनी शोधलेलं नाही. १९९८ मध्ये जपानी उद्योगाने डिजिटल कॅमेऱ्यांसाठी एक मानक ठरवलं, त्यातलं ते नाव आहे, आणि आजचा प्रत्येक फोन ते पाळतो. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ मात्र तिथे नसतात. अलीकडच्या फोनमध्ये ते अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर अशा खोलात सापडतात.

पूर्वी फोन कॉम्प्युटरला लावला की पेनड्राइव्हसारखा दिसायचा, आता तसा दिसत नाही, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. २०११ च्या सुमारास अँड्रॉइडने पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत फोन आपली साठवण अख्खीच्या अख्खी कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचा. सोसायटीच्या गोदामाची किल्लीच देऊन टाकल्यासारखं. तोवर फोनला स्वतःला ती साठवण वापरता यायची नाही. नव्या पद्धतीला एमटीपी म्हणतात. ती मायक्रोसॉफ्टने गाणी वाजवणाऱ्या यंत्रांसाठी काढली होती आणि २००८ मध्ये यूएसबीच्या मानकांत आली. तीत किल्ली गोदामपालाकडेच राहते. कॉम्प्युटर एकेक पोतं मागतो, फोन ते आतून काढून खिडकीतून देतो. एका वेळी एकच. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये पाच-सहा हजार फोटो असले की यादी दिसायलाच वेळ लागतो, तो याचमुळे. नुकताच काढलेला व्हिडिओ कधीकधी यादीत दिसतच नाही, तेही याचमुळे. फोनने आपल्या वहीत त्याची नोंद अजून केलेली नसते. फोन बंद करून चालू केला की तो बहुधा दिसू लागतो.

वेळ किती लागतो? यूएसबी २ चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. हाती निम्मा पडला तरी वीस जीबीची वारी अकरा-बारा मिनिटांत उतरते. यूएसबी ३ मध्ये कागदावरचा वेग याच्या दसपट आहे, पण फोन, वायर आणि कॉम्प्युटरचं भोक, तिन्ही त्या जातीचं असेल तरच तो मिळतो. नुसतं टाइप-सी असून भागत नाही. २०२३ चा साधा आयफोन १५ टाइप-सी असूनही यूएसबी २ च्याच वेगाने चालतो. आणि ब्लूटूथ? पावणेदोन जीबीच्या त्या एका रिंगणाला पावणेदोन तास.

आयफोनची तऱ्हा थोडी वेगळी. वायर लावल्यावर तो ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असं विचारतो. हो म्हणून पासकोड द्यायचा. पण विंडोजवर व्हिडिओ कॉपी करताना कधीकधी अर्ध्यातच ‘सिस्टिमला जोडलेलं उपकरण चालत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते आणि सगळं थांबतं. त्याचं कारण आयफोनच्या फोटोज सेटिंगमध्ये अगदी तळाशी आहे. तिथे ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ या मथळ्याखाली ‘ऑटोमॅटिक’ निवडलेलं असतं, म्हणजे फोन प्रत्येक व्हिडिओ वाटेतच जुन्या पद्धतीत बदलून द्यायला बघतो आणि त्यात धापा टाकतो. ‘कीप ओरिजिनल्स’ करायचं. आणखी एक: आयक्लाउडमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर फोनमध्ये मूळ व्हिडिओ नसतोच, लहान प्रत असते. जे फोनमध्ये नाही ते वायरीतून येणार कुठून.

मूळ फाइल आली, आणि लॅपटॉपवर लावली तर आवाज येतो पण चित्र काळं. घाबरू नये. २०१७ पासून आयफोन आणि त्यानंतर बरेच अँड्रॉइड फोन एचईव्हीसी पद्धतीने व्हिडिओ साठवतात. ही पद्धत २०१३ ची, जागा निम्मी घेते, पण विंडोजमध्ये ती वाचण्याची सोय दरवेळी असतेच असं नाही. व्हीएलसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की चालते. अशा वेळी इंटरनेटवरच्या ‘व्हिडिओ बदलून देतो’ म्हणणाऱ्या साइटवर मूळ फाइल चढवण्याचा उद्योग करू नये.

वायरशिवायचे रस्ते आपल्याकडे फार लोकप्रिय होते. आधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. मग शेअरइट आणि झेंडर आले आणि इंटरनेट नसताना फोनातून फोनात सिनेमे पळू लागले. २०२० च्या जूनअखेर केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. आज त्याच नावाने मिळणाऱ्या एपीके फाइली कुठून आल्या ते कुणी सांगू शकत नाही, त्या टाकू नयेत. गरजही उरलेली नाही. गुगलचं निअरबाय शेअर २०२० मध्ये आलं, २०२३ मध्ये ते विंडोजवर पोचलं, आणि २०२४ मध्ये सॅमसंगच्या सोयीशी जोडून त्याचं नाव क्विक शेअर झालं. कॉम्प्युटरवर ते उतरवून घ्यायचं, फोनमध्ये व्हिडिओ निवडून शेअर दाबायचं. दोन्ही एकाच वायफायवर असले की वेग चांगला मिळतो. वाडीवस्तीवर वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडावा. फोन आणि लॅपटॉप यांच्यात फिरणारा व्हिडिओ टॉवरपर्यंत जातच नाही, त्यामुळे रोजचा डेटा खर्च होत नाही. पालखीच्या दिवशी टॉवरवर ताण असतो तेव्हाही हे चालतं.

व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर निदान व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. मग तो दाबला जात नाही, आणि २०२२ पासून दोन जीबीपर्यंतची फाइल जाते. पण तुमच्या टेबलावरच्या फोनमधून त्याच टेबलावरच्या लॅपटॉपवर जायला ती फाइल आधी कंपनीच्या सर्व्हरपर्यंत चढते आणि तिथून परत उतरते. डेटा दोनदा लागतो.

गुगल फोटोजबद्दल थोडं सावध. २०२१ च्या १ जूनपासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली, आता सगळं मिळून १५ जीबी. ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर फोरके व्हिडिओ १०८० वर उतरवला जातो. आणि बॅकअप चालू असताना त्या ॲपमधून व्हिडिओ पुसला तर तो फोनमधूनही जातो आणि गुगलकडूनही. ‘ढगात आहे’ या विश्वासावर कितीतरी बारशी आणि साखरपुडे असे गेलेत.

आता कॉपी करताना. ‘कट’ कधीच करू नये, नेहमी ‘कॉपी’. कट करताना वायर हलली, लाइट गेली, लॅपटॉप झोपला, तर फाइल इकडची राहत नाही आणि तिकडचीही होत नाही. एमपी-४ व्हिडिओच्या आत एक अनुक्रमणिका असते: कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे, आवाजाचा कुठला तुकडा त्याच्याशी जुळतो, हे तीत लिहिलेलं असतं. फोन व्हिडिओ घेत असतो तेव्हा तो किती लांबणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून ही अनुक्रमणिका बहुतेक वेळा शेवटी लिहिली जाते. त्यामुळे नव्वद टक्के कॉपी झालेल्या व्हिडिओची नव्वद टक्के मिनिटं दिसतात असं होत नाही. काहीच दिसत नाही. नऊ मिनिटांचं रिंगण डिस्कवर पडलेलं असतं आणि कुठलाही प्लेअर ते उघडत नाही.

म्हणून पुसण्याआधी ताळा करावा. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवायची, एकूण आकार जुळवायचा, मग मोठे व्हिडिओ उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहायचा. नुसतं नाव दिसलं म्हणून फाइल आली असं समजू नये. लॅपटॉपची डिस्कही कधीतरी जाणारच आहे, तेव्हा जे परत घडणार नाही त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि मगच फोन मोकळा करावा.

ही दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला गेलं की चार जीबीची भिंत आडवी येते. सोळा-बत्तीस जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ या जुन्या मांडणीत येतात आणि तीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही. पेनड्राइव्हवर वीस जीबी मोकळे असले तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असं उत्तर मिळतं. फोरकेमध्ये सेकंदाला ६० चित्रांनी घेतलेलं अर्ध्या तासाचं कीर्तन १२ जीबीचं होतं, ते तिथे जाणारच नाही. पेनड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे हलवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

नावांचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. अँड्रॉइड फोन फाइलच्या नावातच तारीख घालतात. आयफोन नुसता क्रमांक देतो, आणि कॉपी करताना कॉम्प्युटर कधीकधी कॉपीचीच तारीख लावतो. मी फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग गाव असं नाव देतो, म्हणजे कॉम्प्युटर ते आपसूक काळाच्या क्रमाने मांडतो. आठ वर्षांनी ‘न्यू फोल्डर ३’ उघडून कोण पाहणार आहे?

फुटलेल्या फोनचा प्रश्न घेऊन येणारेही कमी नाहीत. चित्र दिसतं पण स्पर्श चालत नाही, अशा वेळी ओटीजी नावाची छोटी जोडणी घेऊन फोनला कॉम्प्युटरचा माउस लावावा. पडद्यावर बाण उमटतो, त्याने लॉक उघडता येतं. पण फोनला टाइप-सीचं एकच भोक असतं, आणि वायर काढली की ‘फाइल ट्रान्सफर’ची निवड बहुधा पुसली जाते, त्यामुळे माउस आणि वायर आलटूनपालटून लावून भागत नाही. क्विक शेअर असेल तर माउस तसाच ठेवून काम होतं. पडदा पूर्ण काळा असेल तर मात्र बहुधा नवा पडदा बसवावा लागतो, कारण लॉक उघडेपर्यंत आजच्या फोनमधला मजकूर सांकेतिक रूपात बंद असतो, चिप काढून वाचली तरी हाती काही लागत नाही. जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड असेल आणि व्हिडिओ त्यावर असतील तर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालावं, फोनची गरजच नाही. दुरुस्तीला फोन टाकताना ‘आतलं सगळं हवं आहे, रिसेट मारू नका’ हे आधी सांगावं आणि पावतीवर लिहून घ्यावं.